रंग टाक म्हणालास, म्हणून हे पत्र

कुडाळ

प्रिय सुधीर,

तुझा निरोप मिळाला. हॉलसाठी चित्र हवंय, 'पण या खेपेला जरा रंग टाक की त्यात!' मत वहिनींचं असणार, नाव तुझं. आता बैस आणि हे सगळं वाच.

माझ्या पॅलेटवर हल्ली मोजकेच रंग असतात: यलो ऑकर (पिवळी माती), बर्न्ट सिएना (भाजलेली तांबूस माती), रॉ अंबर (तपकिरी माती), इंडियन रेड (गडद तांबडा), अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि पांढरा. काळी ट्यूब घेणंच सोडलंय. अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट सिएना मिसळला की जो करडा तयार होतो, त्याला दोन्हीकडे झुकवता येतं. सिएना वाढवला की उबदार, निळा वाढवला की पावसाळी. काळ्या-पांढऱ्याचा करडा मात्र सिमेंटसारखा ढिम्म बसून राहतो. आणि गंमत म्हणजे मधल्या करड्याशेजारी तांबूस मातीचा एक पट्टा ओढला, की तोच करडा निळसर दिसायला लागतो. तिथे निळ्याचा आणखी एक थेंबही न लावता! या खेळाचं मला व्यसन लागलंय. भडक रंग शेजाऱ्याला बोलूच देत नाहीत रे.

मध्यंतरी पिवडी, म्हणजे पिवळी माती, लोखंडी तव्यावर भाजून पाहिली. (तो तवा आता भाकरीला चालणार नाही, म्हणून कायमचा माझ्या वाट्याला आला.) पिवळ्या मातीतल्या लोहाच्या संयुगात पाणी असतं. तापवलं की ते निघून जातं आणि डोळ्यांदेखत पिवळ्याचा नारिंगी, मग विटकरी होत जातो. ट्यूबवरचं 'बर्न्ट' ते हेच.

इकडे कोकणात तर ही मातीच्या रंगांची पेटी पायाखालीच आहे. जांभ्या दगडाच्या ताज्या कापलेल्या चिऱ्यात लाल, पिवळा, जांभळट सगळं एकत्र नांदतं. गोव्यातल्या जुन्या देवळांवरचं कावीचं काम बघ: चुन्याच्या ओल्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा थर द्यायचा आणि तो खरवडून खालचा पांढरा उघडा करायचा. दोन रंगांत अख्खी भिंत!

टिकण्याचं म्हणशील, तर मातीचे रंग उजेडाने उडत नाहीत. अजिंठ्याचा पद्मपाणी आठव. लाल गेरूचा, पिवळा पिवळ्या मातीचा, हिरवा हिरव्या मातीचा, काळा काजळीचा. लाजवर्दी निळा तेवढा दूरचा पाहुणा, अफगाणिस्तानाकडून आलेला.

इटलीतल्या बोलोन्याचा चित्रकार मोरांदी (१८९०–१९६४) तर जन्मभर बाटल्या, पेले आणि डबेच मांडत राहिला. चमक जावी म्हणून बाटल्यांना रंग फासायचा, त्यांच्यावर धूळ बसू द्यायचा. त्याची काही चित्रं मला झोपाळू वाटतात, खोटं कशाला बोलू? पण जिथे जमलंय तिथे दोन करड्यांमधली फट बघत तासभर उभं राहावं.

फिकं म्हणजे आपोआप भारी, असं मात्र माझं म्हणणं नाही. कॉफीशॉपांतून हल्ली जी बेज रंगाची चित्रं टांगतात, ती मलाही नकोशी होतात. त्यांत उजेड-काळोखाचा हिशोबच नसतो.

तर तुझ्या भिंतीचा फोटो दुपारी पडदे उघडून काढ, दिवे लावून नको. बल्ब कसले आहेत तेही कळव. पांढऱ्याफटक एलईडीखाली माझ्या ऑकरची पार रया जाते. आणि तो पोपटी सोफा अजून तिथेच असेल तर आत्ताच सांग, म्हणजे इंडियन रेड जास्तीचा मागवतो.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनू