फ्लेमिंगोंना भरतीच्या वेळी उभं राहायला जागा हवी

संपादक महोदय, स.न.वि.वि.

मी नेरूळला सीवूड्सच्या बाजूला बरीच वर्षं राहते आणि रोज सकाळी डीपीएस शाळेजवळच्या डीपीएस तलावाच्या कडेनं चालायला जाते. फ्लेमिंगो आले की आपल्याकडे पेपरात, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटोंचा पाऊस पडतो आणि जून उजाडला की सगळे विसरून जातात, म्हणून मुद्दाम हे पत्र लिहितेय. कारण एक साधी गोष्ट आहे जी अजून आपल्या लोकांच्या आणि बहुतेक अधिकाऱ्यांच्याही लक्षात आलेली नाही असं मला वाटतं.

फ्लेमिंगोंचा दिवस आपल्या घड्याळावर चालत नाही, तो भरती-ओहोटीवर चालतो. ओहोटी लागली की ठाणे खाडीतला चिखल उघडा पडतो, तिथे ते उतरतात, मान खाली, चोच चक्क उलटी करून चिखलातलं शेवाळ गाळून खातात, पायानं चिखल ढवळत ढवळत पुढे सरकतात. भरती आली की हा सगळा चिखल पाण्याखाली जातो. मग त्यांनी जायचं कुठे? तर तेव्हा ते उडून डीपीएस तलाव, एनआरआय कॉम्प्लेक्सजवळची पाणथळ, टीएस चाणक्य या नौवहन प्रशिक्षण संस्थेजवळची पाणथळ, पलीकडे भांडुप पंपिंग स्टेशन, उरणकडे पाणजे अशा उथळ पाण्याच्या जागांवर येऊन थांबतात, विश्रांती घेतात आणि पाणी उतरलं की परत खाडीत. म्हणजे खाडी हे त्यांचं जेवणाचं ताट आणि हे तलाव म्हणजे अंथरूण, दोन्ही लागतं.

ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य 2015 मध्ये जाहीर झालं, 2022 मध्ये त्याला रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जाही मिळाला, फार चांगली गोष्ट झाली. पण अभयारण्याची रेघ खाडीत आहे आणि भरतीच्या जागा बहुतेक रेघेच्या बाहेर! ताट सांभाळलं आणि अंथरूण प्लॉट म्हणून मोकळं ठेवलं, असं झालंय हे.

त्याचा परिणाम आम्ही 2024 साली डोळ्यांनी बघितला. आमचा तलाव साधारण तीस एकरांचा, त्याला खाडीचं पाणी आत यायला मोऱ्या आहेत. बाजूला जेट्टीचं काम झालं आणि पाणी येण्याची वाट बुजली. एप्रिलमध्ये तलाव जवळजवळ कोरडा पडला होता, जे थोडं पाणी उरलं होतं त्याला वास मारायचा. एका सकाळी चार-पाच भटकी कुत्री त्या सुकलेल्या चिखलावरून सरळ तलावाच्या मधोमध चालत गेली. पाणी असतं तर ती तिथवर पोचलीच नसती. एक पक्षी उडायला धावला, फ्लेमिंगोला उडायच्या आधी थोडं पळावं लागतं, आणि दोनदा पाय अडकून पडला. कडेला उभे असलेल्या मुलांनी आरडाओरडा करून कुत्री हाकलली म्हणून तो वाचला, पण त्या महिन्यात दहाच्या वर फ्लेमिंगो मेले. त्याआधी नेरूळ जेट्टीजवळच्या फलकावर आदळून काही मेले होते आणि मग तो फलक काढावा लागला. 20 मे 2024 च्या रात्री घाटकोपरला विमानाला धडकून जवळपास चाळीस पक्षी गेले ते तर सगळ्या देशानं वाचलं. त्या अपघाताचं नेमकं कारण मी सांगू शकत नाही, पण थांबायच्या जागा हलवल्या की पक्षी वेळी-अवेळी, नको त्या बाजूनं उडतात एवढं तर समजतं ना.

आमच्याकडे दिवाळे गावातले एक कोळी काका मासळी घेऊन येतात, त्यांना मी तलावाबद्दल विचारलं तर म्हणाले, ताई, पाणी फिरलं नाय तर चिखल मरतो. मला वाटतं यापेक्षा सोपं करून कुणी सांगू शकणार नाही. भरतीचं पाणी आत आलं आणि ओहोटीला बाहेर गेलं तरच त्या चिखलात शेवाळ, किडे, छोटे मासे जिवंत राहतात, नाहीतर ते डबकं होतं, मग डास होतात आणि मग त्याच डासांचं कारण सांगून भराव टाकायची मागणी होते.

आता काही शेजारी म्हणतात की नवी मुंबई विमानतळ सुरू झालाय, तर पक्षी इथे असणंच धोक्याचं. भीती खरी आहे, मी ती उडवून लावत नाही. पण तलाव बुजवला म्हणून कच्छ आणि राजस्थानातून येणारे हजारो पक्षी यायचे थांबणार आहेत का? खाडीतलं खाणं इथेच आहे, ते येणारच, आणि भरतीला ठरलेली जागा मिळाली नाही तर दुसरं कुठलंही मोकळं उथळ पाणी शोधत फिरणार, विमानतळाच्या आसपाससुद्धा. पक्षीतज्ज्ञ कधीपासून हेच सांगतायत.

2025 मध्ये राज्य वन्यजीव मंडळानं डीपीएस तलाव कन्झर्व्हेशन रिझर्व्ह, म्हणजे संवर्धन राखीव क्षेत्र करायला मंजुरी दिली तेव्हा आमच्या सोसायटीत पेढे वाटले होते, खरंच वाटले होते. माझं म्हणणं एवढंच की बोर्ड लागला तरी मोऱ्या साफ नसतील तर काही उपयोग नाही. पावसाळा संपला की, पक्षी यायच्या आधी, प्रत्येक मोरी उघडी आहे का ते कुणीतरी जबाबदार माणसानं भरतीच्या वेळी उभं राहून बघायला पाहिजे, आणि तलावाच्या बाजूचे पांढरे झगझगीत दिवे रात्री कमी करायला पाहिजेत. एनआरआय, चाणक्य आणि पाणजे या जागांनाही असंच संरक्षण हवं, कारण एका तलावात सगळे मावत नाहीत. शहरानं स्वतःला फ्लेमिंगो सिटी म्हणवून घेतलंय, रस्त्यावरचे पुतळे, भिंतींवरची चित्रं मलाही आवडतात, माझी नात तर प्रत्येक पुतळ्याला एकेक नाव देते. तिनंच मागच्या सीझनला विचारलं की आजी हे करडे का, आजारी आहेत का, तेव्हा मी तिला सांगितलं की ती पिल्लं आहेत, गुलाबी व्हायला त्यांना दोन-तीन वर्षं लागतात. म्हणजे ते करडे पक्षी नीट गुलाबी होईपर्यंत त्यांना दोन-तीन वेळा तरी इथे सुखरूप येऊन जाता आलं पाहिजे.

आपल्या पेपरला एक विनंती. बातमीसाठी फोटोग्राफर पाठवाल तेव्हा त्यांना अमावस्या किंवा पौर्णिमेला दुपारी बाराच्या सुमारास पाठवा, तेव्हा उधाणाची भरती असते. पक्षी तलावात आहेत का आणि मोरीतून पाणी आत येतंय का, दोन्हीचे फोटो छापा.

आपली नम्र,
एक नियमित वाचक, नेरूळ, नवी मुंबई