अ‍ॅम्बेसेडरची थरथर आणि अनोळखी मिस्त्रींचे आभार

ताशी ६० च्या पुढे अ‍ॅम्बेसेडरची सीट थरथरू लागली की बहुतेक जण चाकांचं बॅलन्सिंग करून मोकळे होतात. "आधी मोकळ्या रस्त्यावर त्याच वेगात गिअर न्यूट्रल करून बघा," असं सांगणाऱ्यांचे मनापासून आभार. तरीही थरथर राहिली, तर इंजिनवरचा संशय जवळजवळ मिटतो. पुढची-मागची चाकं अदलाबदल करूनही फरक नाही? मग संशय शाफ्टवर, म्हणजे इंजिनची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या लांब दांड्यावर. शाफ्टच्या सांध्यातल्या अधिक-चिन्हासारख्या तुकड्याच्या, म्हणजे क्रॉसच्या, कपाभोवती गंजाची लाल भुकटी दिसली, की ग्रीस संपून आतल्या बेअरिंगच्या सुया झिजल्या समजायचं. आणि शाफ्ट उतरवण्याआधी त्याच्या व डिफरन्शियलच्या (मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीच्या) फ्लँजवर, म्हणजे जोडाच्या चकतीवर, पंचाने खूण करा, खडू पुसला जातो, असं बजावणाऱ्या काकांना साष्टांग नमस्कार! फ्लँज फिरून बसला तर तोल बिघडतो. नव्या क्रॉसनेही मग थरथर जात नाही.