संकासुराचा आवाज राखणाऱ्या काकांना

आदरणीय काका, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. पण हे पत्र चारचौघांनी वाचावं म्हणून उघड लिहितोय.

१९८८ च्या आमच्या जत्रेतला दशावतार, म्हणजे आपल्या कोकणातलं रात्रभर चालणारं लोकनाट्य, ध्वनिमुद्रित करायला तुम्ही आकाशवाणीच्या रत्नागिरी केंद्राकडून आलात. खांद्याला टेपरेकॉर्डर, पिशवीत बॅटऱ्या. देवळासमोरच्या मांडवात बांबूला माईक बांधलात आणि रात्रभर त्याच्याखाली बसलात. कार्यक्रम होता अर्ध्या तासाचा. दशावतार कंपनीच्या मालकांनी तुम्हाला आख्यानातली लढाई घ्या म्हणून सुचवलं होतं. तुम्ही मात्र आडदशावतारापासून, म्हणजे आख्यानाआधीच्या पूर्वरंगापासून, सुरुवात केलीत. गणपती, सरस्वती, भटजी आणि मग वेद चोरणारा संकासूर, म्हणजे माझे बाबा.

बाबा आत चेहरा रंगवताना म्हणाले होते, "ह्यां रेडियोवर कोण ऐकतलो?" तुम्ही म्हणालात, "तुमी तुमचां बोला, मी हंयसर आसंय." शाळेत मालवणी बोललो की छडी बसायची अशा दिवसांत, रेडिओवरचा माणूस आमच्याच बोलीत बोलला! बाबा त्या रात्री फार मोकळे बोलले.

आपल्या पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ ला 'दर्पण' सुरू केलं. छापील अक्षराचं ऋण मी मानतोच. पण दशावताराला लिखित संहिताच नसते. कथा ठाऊक असते, संवाद रंगमंचावर सुचतात आणि पहाटे दहीकाला झाला की विरून जातात. पायपेटीचा सूर पकडून बाबा शब्द कसा ओढायचे, ते कागदावर कसं उतरणार?

तुम्ही दिलेल्या दोन कॅसेटी आम्ही देव्हाऱ्याशेजारी जपल्या. बाबा २००४ मध्ये गेले. पुढे एका पावसाळ्यानंतर डबी उघडली तर फितीवर पांढरी बुरशी. फोनवर तुम्ही एवढंच ओरडलात, "लावू नको, तुटेल!" निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती तुम्हाला, तरी एसटीने आलात. बारीक स्क्रू काढून फीत नव्या डबीत चढवलीत, मऊ कापडाने वीत-वीत पुसलीत. मग ती कॉम्प्युटरवर घेतलीत. मध्येच बाबांचं खाकरणं ऐकू आलं आणि आई स्वयंपाकघरातून धावत आली.

मोबाइलवर दशावतार आता भरपूर दिसतो. मुंबईचे चाकरमानी तिथूनच गावाशी जोडलेले राहतात, मला त्याचा आनंद आहे. पण तिथे ट्रिकसीन, म्हणजे चमत्काराचा देखावा, लगेच लागतो, म्हणून आडदशावतार आखडत गेला. आमच्या जत्रेत तो पाच मिनिटांवर आला होता. माध्यमं कला नुसती दाखवत नाहीत, तिला कापून आपल्या मापाचीही करतात. तुमच्याकडे अर्धाच तास होता, तरी तुम्ही रात्रभराचं ध्वनिमुद्रण केलंत, ते म्हणूनच मोलाचं.

गेल्या वर्षी गावातल्या तरुण कलाकारांनी तेच ध्वनिमुद्रण महिनाभर ऐकलं. जत्रेत संकासूर पाऊण तास रंगला. करणारा पोरगा बावीस वर्षांचा. बाबांना त्याने कधी पाहिलेलं नाही, पण भटजीला दटावताना त्याने शब्द अगदी तसाच ओढला.

काका, यंदाच्या जत्रेला याच. पडवीत तुमची खाट घातलेली असेल.

तुमचा ऋणी,
संकासुराचा मुलगा