आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: डॉक्टर पुढच्या मंगळवारी

माननीय आरोग्यमंत्री महोदय,
सादर नमस्कार.

परवा मंगळवारी बाळंतपणानंतर नैराश्यानं खचलेल्या बायकोला आणि तान्ह्या लेकीला घेऊन जत तालुक्यातल्या आमच्या गावाहून जिल्ह्यातल्या एका सरकारी रुग्णालयात गेलो. मानसोपचाराची ओपीडी मंगळवारी असते, असं फोनवर सांगितलं होतं. केसपेपरच्या खिडकीतला माणूस अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाला, "वेड्यांचे डॉक्टर ना? शिबिराला गेलेत. पुढच्या मंगळवारी या." बायकोनं पदर तोंडावर ओढला तो एसटीत बसेपर्यंत. आता ती पुन्हा यायला तयार नाही.

मग तोवर आम्ही काय करायचं, साहेब? बाळ रडतं, दुधानं ब्लाउज भिजतो आणि ही पंख्याकडं बघत पडून. "मी नसले तर हिला बरी आई मिळेल," म्हणते. आईनं मीठ-मोहऱ्या उतरवल्या. शेजारणी म्हणाल्या, बाळंतपणात होतंच असं. मी द्राक्षाच्या फवारणीची औषधं कुलपात घातली, किल्ली करगोट्याला बांधून झोपतो. झोपतो म्हणजे आडवा होतो. बापाचं कोण विचारतंय? केंद्राच्या कर्मचाऱ्याला 15 दिवस पितृत्व रजा असते, माझ्या बागेला रजा कोण मंजूर करणार?

आशाताईंना बोल लावणार नाही. तिसऱ्या, सातव्या दिवसापासून 42व्यापर्यंत ठरल्याप्रमाणे आल्या. बाळाला झोळीत घालून वजन केलं, बाळंतिणीला ताप, रक्तस्राव विचारला. हिमोग्लोबिन, लोहाच्या गोळ्या, धनुर्वाताचं इंजेक्शन, सगळ्याला कार्डावर रकाना आहे. "पोरी, जिवाला कसं वाटतंय?" हा रकाना मला तरी सापडला नाही. बाळंतिणीचं नैराश्य ओळखायची एडिंबरोची प्रश्नावली 1987 पासून आहे, अवघे दहा प्रश्न! तुमच्या योजनांच्या अर्जात याहून जास्त असतात. भारतात शंभर बाळंतिणींमागे 22 जणींना हे नैराश्य येतं, असा आकडा जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत 2017 सालीच छापून आलाय. म्हणजे आमच्या गल्लीतही असणार. बोलत नाहीत, एवढंच.

कागदावर काय नाही? जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम 1996 चा, उपचाराचा हक्क देणारा कायदा 2017 चा, 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर 2022 चा. फोनवर धीर मिळतो, पण समोर बसून बघणारा माणूस नको? प्रादेशिक मनोरुग्णालयं पुणे, ठाणे, नागपूर, रत्नागिरीला. तान्हं काखेत घेऊन जतहून जा म्हणावं! बहीण लाडकी म्हणून पंधराशे टाकता, स्टँडभर फ्लेक्स लावता. तीच बाळंत होऊन खचली की वेड्यांच्या रांगेत. मातृवंदना योजनेचे पाच हजार, तेही हप्त्यानं. आमच्या पूर्व भागात पाणीसुद्धा नळापेक्षा भाषणातच जास्त आलंय, तिथं मनाचं कोण घेऊन बसलंय म्हणा.

तालुक्याला आठवड्यातून एकदा मानसोपचारतज्ज्ञ द्या. शिबिराला जायचे असतील तर बदली डॉक्टर द्या. ते दहा प्रश्न विचारायला लावा आणि आशाताईंना त्याचे वेगळे पैसे द्या. खिडकीतल्या माणसाला तोंड सांभाळायला शिकवा, याला तर निधीही लागत नाही.

उत्तर पाठवणार असाल तर "आपला अर्ज पुढील योग्य त्या कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे पाठवण्यात आला आहे" हे वाक्य तेवढं वगळा. ते आमच्या घरी आहे.

एक बाप,
जत तालुका, जि. सांगली