बुधवारची गाडी, तुमच्या दोन जागा

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर कासच्या पठारावर फुलं बघायला यायचा विषय काढला की बाबांचं 'बघू' येतं आणि आई 'ह्यांच्या गुडघ्याचं काय' म्हणत बोलणं भाजीच्या भावाकडे वळवते. म्हणून म्हटलं, लिहूनच काढावं. मध्ये कुणी तोडणार नाही.

आमच्या भिशीतल्या बायकांची पहिली गाडी गौरी-गणपती आटोपल्यावर जाऊन आली. पुढच्या बुधवारी दुसरी निघतेय. तीत तुमच्या दोन जागा मी धरून ठेवल्यात. आई, पितृपंधरवडा आहे हे मला ठाऊक आहे. फुलं बघायला जायचंय गं, बारसं नाही. आणि पितर आटपेपर्यंत फुलं थोडीच थांबणारेत?

लोक वसंतात बागा बघायला जातात. कासचं उलटं आहे. फाल्गुन-चैत्रात इथे आलात तर काळपट जांभा आणि वाळलेलं गवत, बस. हे पठार सुमारे बाराशे मीटर उंचीवर, साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटर. खडकावर माती अगदी पातळ, कुठे कुठे तीही नाही. पावसाळ्यात पाणी साचून राहतं आणि पाऊस गेला की सगळं कोरडं ठणठणीत. मोठ्या झाडाला मुळं रोवायला जागाच नाही. उगवतात ती वीतभर रोपं, आणि त्यांना ऊन तापायच्या आत फुलून, बी धरून मोकळं व्हायचं असतं. म्हणून ही गर्दी ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरपर्यंतच. साडेआठशेच्या वर जातींच्या वनस्पती आहेत म्हणतात. 2012 साली युनेस्कोने पश्चिम घाटातल्या जागा जागतिक वारशात घेतल्या, त्यात कासही आहे. तेव्हापासून गर्दी इतकी वाढली की आता आधी ऑनलाइन बुकिंग करावं लागतं. ते मी केलंय.

आई, तुझ्या मैत्रिणी व्हॉट्सअ‍ॅपवर जे गुलाबी-पिवळे गालिचे पाठवतात ते खरे आहेत. गुलाबी तो तेरडा, पिवळी ती सोनकी. पण ते रस्त्यावरूनही दिसतात, त्यासाठी एवढा घाट चढून यायची मला तरी गरज वाटत नाही. खरी मजा खाली बसल्यावर आहे. आमच्याबरोबर वनस्पतीशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एक मॅडम होत्या, सत्तरीच्या पुढच्या. पोरीसोरी सेल्फी काढत पुढे पळाल्या. मॅडम वाटेच्या कडेला घडीचं स्टूल टाकून बसल्या ते अर्धा तास उठल्याच नाहीत. मी त्यांच्याजवळ थांबले. हातभर जागेत त्यांनी मला काय काय दाखवलं! गेंदाचे पांढरे गोंडे मोहरीहून थोडे मोठे. कवल्याचं पिवळं फूल, त्यावर दोन तांबडे ठिपके, त्याला इथली मुलं मिकी माऊस म्हणतात. आणि दवबिंदू: पानावरच्या केसांच्या टोकांना चिकट थेंब, भिंगातून पाहिलं तर एका थेंबात चिलट अडकलेलं. मातीत खायला काही नाही, म्हणून हे झाड किडे खातं.

बाबा, हे तुमच्यासाठी. सीतेची आसवं नावाचं जांभळं-निळं फूल आहे, दिसायला एकदम गरीब. त्याच्या खाली ओल्या मातीत टाचणीच्या टोकाएवढ्या पिशव्या असतात. पिशवी आतलं पाणी बाहेर टाकून स्वतःला दाबून धरते. तोंडाशी झडप, झडपेवर केस. पाण्यातला एखादा जीव त्या केसाला लागला की झडप आत उघडते, पाण्यासकट तो ओढला जातो आणि झडप बंद. ओढून घ्यायला सेकंदाचा हजारावा भागही पुरतो. तुम्ही घरातला प्रत्येक पंप उघडून पाहिलाय, हाही पंपच आहे. उघडून मात्र बघता येणार नाही, वनसमितीचे लोक शिट्टी मारतात. आमच्या समोर एक जोडपं फोटोसाठी फुलांत जाऊन उभं राहिलं, त्यांना चांगलं झापलं. मला बरं वाटलं.

तर गुडघ्याचं असं: आत फार चालायचंच नाही. राजमार्गाने कुमुदिनीच्या तळ्यापर्यंत जायला निघतात ती मंडळी जाऊ देत, आपण मॅडमच्या शेजारी बसू. आत स्वच्छतागृहाची सोय नाही, ते पार्किंगपाशीच उरकून घ्यायचं. ढग उतरले तर दहा हातांवरचं दिसत नाही, मग थांबून राहायचं. उघडीप पडली की फुलं छान उमलतात. वाऱ्यात छत्री उलटी होते, रेनकोट आणा. आईला यवतेश्वरचा घाट लागेल, तिला ड्रायव्हरच्या मागची खिडकी मिळेल असं मी आधीच सांगून ठेवलंय. आवळासुपारी माझ्याकडे आहे. येताना कासच्या तलावाशी चहा. साताऱ्यातले लोक ज्याचं पाणी पितात तो तलाव एकदा बघायलाच हवा.

मंगळवारी सांगलीहून रेल्वेनेच या, एसटीचे धक्के नकोत. साताऱ्याचं स्टेशन गावाबाहेर माहुलीला आहे, मी घ्यायला येते. बाबांच्या बीपीच्या गोळ्या आठवडाभराच्या आणा, कारण लगेच परत सोडणार नाही.

बाबा, जागेचे पैसे भरून झालेत आणि ते परत मिळत नाहीत. हे मुद्दाम तुमच्यासाठी लिहिलंय.

येताना भडंग जरा जास्तच आणा, गाडीत खाणारी तोंडं पुष्कळ आहेत. कमी तिखटाचं एक पुडकं वेगळं, मॅडमना तिखट चालत नाही.

तुमची लेक