कुणाची?

प्रिय शऱ्या,

परवा फोनवर तू विचारलंस, "सध्या काय बघतोयस?" आणि मी "काही विशेष नाही" म्हणून मोकळा झालो. थाप मारली. एक सिनेमा पाहिला होता, पण स्वयंपाक करता करता फोनवर सांगण्यासारखा तो नव्हता. म्हणून हे पत्र. अक्षर लावून घे.

उस्मान सेम्बेनचा 'ला न्वार द...', 1966 चा. 'ला न्वार' म्हणजे काळी मुलगी. कृष्णधवल, जेमतेम तासाभराचा. सेम्बेन सेनेगलचा. फ्रान्समधल्या मार्सेलच्या गोदीत मालाची चढउतार केलेला, युनियनमध्ये घडलेला, मग लेखक झालेला आणि चाळिशीच्या आसपास सिनेमाकडे वळलेला माणूस. एका बातमीवरून त्याने आधी कथा लिहिली, मग हा सिनेमा केला.

सिनेमातली दियुआना डकारची, म्हणजे सेनेगलच्या राजधानीतली. कामाच्या शोधात बायका रस्त्याकडेला बसलेल्या असतात तिथे एक फ्रेंच बाई येते. बाकीच्या तिला गराडा घालतात, ही जागची हलत नाही. बाई नेमकी हिलाच उचलते. काम मुलं सांभाळायचं. पुढे ते कुटुंब तिला फ्रान्सला बोलावून घेतं, भूमध्य समुद्राकाठच्या आंतीब गावी. ही हरखलेली. पण तिथे गेल्यावर मुलांचा पत्ता नाही. धुणं, पुसणं, रांधणं तेवढं हिच्या गळ्यात. फ्रान्स म्हणजे स्वयंपाकघर, न्हाणीघर, दिवाणखाना आणि झोपायची खोली, बस्स. चांगला झगा आणि उंच टाचांचे बूट घालून ती फरशी पुसते, तर बाईला तेही खुपतं. जेवायला आलेला एक पाहुणा, आपण काळ्या मुलीचा मुका कधी घेतलाच नाही असं म्हणत उठतो आणि घेऊन टाकतो. टेबलावर हशा. हात कोणी उगारत नाही रे, आणि त्यामुळेच जास्त गुदमरायला होतं.

मला झोपू दिलं नाही ते मात्र पत्राने. डकारहून आईचं पत्र येतं. हिला लिहिता-वाचता येत नाही, म्हणून साहेब, म्हणजे बाईचा नवरा, वाचून दाखवतो. पोरगी खुशाली कळवत नाही, अशी आईची तक्रार. ही गप्प. मग साहेब कागद ओढतो आणि हिच्या वतीने उत्तर लिहायला बसतो: मी मजेत आहे, वगैरे. माणूस दुष्ट नाही, उलट मदतच करतोय! ही ते आलेलं पत्र टराटरा फाडते. आईलाही लिहिता येत नाही. म्हणजे तेही दुसऱ्याच कुणाच्या तरी हातचं.

एक गोष्ट मला आधी खटकली होती. लोकांपुढे "वी, मादाम" पलीकडे न बोलणारी ही मुलगी मनात अस्खलित फ्रेंच बोलते. त्यातून तो आवाजही दियुआनाचं काम करणाऱ्या मबिसिन तेरेझ दियोपचा नाही, हैतीच्या तोतो बिसांतचा आहे. तिची स्वतःची भाषा, वोलोफ का नाही, म्हणून मी चरफडलो. (1968 च्या 'मांदाबी' या सिनेमात सेम्बेनने ती कसर भरून काढली.) पण पत्राचा प्रसंग पुन्हा पाहिला आणि वाटलं, हिचं मनसुद्धा परक्याच्या हातूनच उतरवून घ्यावं लागलंय. सेम्बेनला हे अभिप्रेत होतं का, कोण जाणे. मला ते आता काढून टाकता येत नाही.

आणि ते शीर्षक! फ्रेंचमधल्या त्या 'द'चा अर्थ 'ची' आणि 'इथली' दोन्ही. पुढे टिंबं. कुणाची? कुठली? मला एकदम आपल्या सोसायटीतलं बोलणं आठवलं: "दुसऱ्या मजल्यावरच्यांची बाई आज आली नाही." आमच्याकडे अकरा वर्षं भांडी घासणाऱ्या बाईंचं आडनाव मला त्या रात्री आठवेना. आईला विचारलं, तर तिलाही सांगता आलं नाही.

शेवट सांगून टाकतो, तसाही तो तुला सुरुवातीपासून दिसत राहतो. दियुआनाने कामावर लागल्यावर भेट दिलेला एक लाकडी मुखवटा त्यांच्या भिंतीवर असतो. तो ती परत घेते. न्हाणीघरात जीव देते. साहेब तिची पेटी, मुखवटा आणि पगार घेऊन डकारला जातो. आई पैशाला हात लावत नाही. एक लहान पोरगा मुखवटा तोंडावर धरून साहेबाच्या मागे चालू लागतो. साहेब पावलं उचलतो, वळून बघतो, पोरगा मागे आहेच. एवढंच, पण मी मान आखडल्यासारखा बसून होतो.

दिवाळीला येशील तेव्हा बरोबर बघू. आणि बाईंचं आडनाव सोनकांबळे. दुसऱ्या दिवशी त्यांनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "का, काय झालं?"

तुझा,
मिलिंद