डोहात चपला काढून उतरलेल्या दादांना

दादा,

नाव लिहू नका असं तुम्हीच बजावलंत, म्हणून नुसतं दादा.

आमच्या डोहातल्या कासवासाठी भीमेच्या पात्रातलं ते खोलीकरण थांबावं म्हणून आम्ही कुणाकुणाचे उंबरे झिजवले, ते सांगत बसत नाही. एक साहेब म्हणाले, ‘गाळ काढला की पाणीच वाढेल, तुमच्या कासवाला बरंच की!’ दुसऱ्यांनी ‘कासव वाचवा’ असा फलक लावला, फोटो काढला आणि गेले. त्याच फलकाच्या आडोशाला रात्री वाळूच्या गाड्या भरत होत्या.

आणि मग तुमच्या जेसीबीच्या बकेटपासून हातभर अंतरावर वाळू हलली, एक निमुळतं नाक वर आलं. तुम्ही मशीन बंद केलंत. खाली उतरलात, आणि डोहात पाय घालायच्या आधी काठावर चपला काढल्यात.

बाकी सगळं विसरेन, ते चपला काढणं नाही विसरणार. देवळात नंदीपुढच्या दगडी कासवाला हात लावून कपाळाला नेणारे कितीतरी पुढारी त्या काठावर बूट घालून उभे राहून गेले होते. तुम्हाला कुणी काही शिकवलं नव्हतं. वर मुकादमाला म्हणालात, ‘हितं कुणीतरी राहतंय. मी नाय चालवणार.’

ते कुणीतरी म्हणजे लीथचं मऊ पाठीचं कासव. १८७२ साली शास्त्रात त्याची पहिली नोंद झाली तीच पुण्याच्या नमुन्यावरून, म्हणजे हा आपल्याच मुलखाचा जीव. आज ते नामशेष होण्याच्या अगदी टोकाला आहे. २०२२ मध्ये वन्यजीवांच्या व्यापारावर पनामात झालेल्या जागतिक परिषदेत भारतानेच प्रस्ताव मांडून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आणवली. पण पनामात काही ठरलं म्हणून आमच्या डोहातली वाळू थोडीच वाचते! या कासवाला दडायला वाळू लागते, अंडी घालायला उतरता, मऊ काठ लागतो. काठ उभा कापला की त्याला वर चढताच येत नाही. तळ सरसकट खरवडला की नदीची गटार होते. मग पाणी कितीही साठो.

तुम्ही नाही म्हणालात, तेव्हा गावाला कंठ फुटला. डोह आणि त्याच्या कडेचा वाळूचा पट्टा ग्रामसभेनं राखून ठेवला. कापलेला काठ पोरांनी पुन्हा उतरता केला, तिथं करंज, उंबर आणि वाळुंज लावलेत. वाळुंजानं मूळ धरलंय. करंजं शेळ्यांनी खाल्ली, ती परत लावू.

त्या दिवसाची मजुरी मालकानं कापली, हे आम्हाला फार नंतर कळलं. आम्ही पैसे देऊ केले तर तुम्ही हसून विषय बदललात. ठीक आहे, पैशाचं राहू द्या. पण जत्रेला वहिनींना आणि पोरांना घेऊन जेवायला यायचं. याला मात्र नाही म्हणायचं नाही.

तुमचा,
डोहाकाठचा एक गावकरी